कापडाआधी कागद: जपानी पद्धतीच्या प्लीट्स घरी कशा कराव्यात

टोकियोतल्या 'नुनो' या कापड-स्टुडिओची स्थापना जुनइची अराई आणि रेइको सुदो यांनी १९८४ मध्ये केली. सुदो यांनी १९९७ मध्ये 'ओरिगामी प्लीट' नावाचं कापड केलं. पाहणाऱ्याला आधी वाटतं की ही वीणच अशी त्रिकोणी-चौकोनी उठावाची असणार. खरं तर ते सपाट पॉलिएस्टर आहे. त्याला घड्या घातल्या आणि उष्णतेनं त्या पक्क्या केल्या, एवढंच. कापड ओढलं की उलगडतं, सोडलं की पुन्हा आपल्या घड्यांत जाऊन बसतं.

हे तंत्र घरी करता येतं: घड्या घातलेल्या दोन कागदांच्या मधे कापड ठेवायचं, सगळं एकत्र मिटायचं आणि वाफवायचं. कारखान्याइतकं टिकाऊ होणार नाही, पण स्टोल, पिशवी, उशीचा अभ्रा, बाहीचा तुकडा इतपत काम उत्तम होतं. मोदकपात्र, खाकी कागद, स्टीलची पट्टी आणि भरपूर सबुरी एवढं हवं. शिकवताना बहुतेक जण कापडापासून सुरुवात करतात, ते मला पटत नाही. इथलं नव्वद टक्के काम कागदाचं आहे. कागदाचा साचा चोख झाला तर कापड निमूट त्याच्या मागे जातं. साचा अर्धा मिलिमीटर जरी घसरला तरी कापड ती चूक जशीच्या तशी उचलतं.

पॉलिएस्टरच का

डिझायनर मारियानो फॉर्चुनी यांनी व्हेनिसमध्ये १९०७ च्या सुमारास 'डेल्फॉस' नावाचा बारीक चुण्यांचा रेशमी पोशाख आणला. दिसायला तो अप्रतिम, पण भिजला की चुण्या सैल पडायच्या आणि पोशाख परत कार्यशाळेत पाठवावा लागायचा. रेशीम, सूत, लोकर हे धागे दाबून बसवलेली घडी पाणी लागताच सोडू लागतात.

पॉलिएस्टर उष्णतेनं नरम पडणारा धागा आहे. साधारण ७० ते ८० अंश सेल्सियसच्या पुढे त्यातले रेणू हलायला मोकळे होतात, आणि वितळायला मात्र अडीचशे अंशांच्या वर जावं लागतं. मधल्या पट्ट्यात कापड ज्या आकारात धरून ठेवाल, त्याच आकारात ते थंड होताना गोठतं. उकळत्या पाण्याची वाफ १०० अंशांची असते, म्हणजे आपलं काम तिच्यावर भागतं. कारखान्यात याहून बरीच जास्त उष्णता आणि दाब असतो, म्हणून तिथली घडी जास्त पक्की बसते.

पॉलिएस्टर म्हणजे हलक्या प्रतीचं कापड, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. या कामापुरता तो बाजूला ठेवा. जपानी फॅशन डिझायनर इस्सेई मियाके यांनी आपलं सगळ्यात गाजलेलं काम याच धाग्यात केलं, कारण त्यांना हवी असलेली घडी दुसऱ्या कुठल्या धाग्यात टिकलीच नसती.

कापड कसं ओळखायचं

मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही कापडदुकानात जॉर्जेट, क्रेप, ऑर्गेंझा, साटन ही नावं ऐकू येतील. ही नावं विणीची आणि पोताची आहेत, धाग्याची नव्हेत. जॉर्जेट शुद्ध रेशमाचं असतं, व्हिस्कोसचं असतं आणि पॉलिएस्टरचंही असतं. म्हणून दोन-चार धागे काढून घरी जाळून पाहा. धागे चिमट्यात धरा, खाली मोरीची लादी किंवा पाण्याचं ताट असू द्या. धागा आक्रसून वितळला आणि टोकाला कडक मणी तयार झाला, तर तो कृत्रिम. कागदासारखा जळून राख झाली तर सूत किंवा व्हिस्कोस. जळत्या केसांचा वास आला तर रेशीम किंवा लोकर.

पहिल्या प्रयत्नाला पातळ, एकरंगी, फिक्या रंगाचं पॉलिएस्टर ऑर्गेंझा घ्या. ते मुळातच थोडं ताठ असतं, घडीची धार लगेच दिसते. जॉर्जेट सुंदर दिसतं, पण हातातून निसटतं. साटनवर चूक झाली तर ती चकाकते. मिश्र कापडात पॉलिएस्टरचा वाटा दोनतृतीयांशापेक्षा कमी असेल, तर श्रम वाया जाण्याचीच शक्यता जास्त. जाड सूटिंगच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

कापड आणलं की आधी धुऊन खळ काढा, वाळवा आणि मंद इस्त्री करा. मग कडा पक्क्या करून घ्या. साडीला पिको करून देणारा कोणीही हे काम करून देईल. पिको प्लीट्सच्या आधी, नंतर नाही. घड्या बसलेल्या कापडाची कड मशिनखाली सरळ घालणं जवळपास अशक्य असतं.

कागद

शाळेच्या वह्यांना घालतात त्यातला बराचसा खाकी कागद हल्ली प्लास्टिकचा मुलामा दिलेला असतो. तो अजिबात घेऊ नका. उष्णतेनं मुलामा सुटून कापडाला चिकटतो. पॅकिंगचा, दोन्ही बाजूंनी कोरा, १०० ते १२० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) क्राफ्ट कागद मागा. तो वाफेत ओला होऊनही फाटत नाही. त्याहून पातळ कागद वाफेत लोळागोळा होतो, जाड कागदाला बारीक घडी बसत नाही.

बाकी सामान: स्टीलची लांब पट्टी, गुण्या, शाई संपलेलं बॉलपेन, जाड सुई, कागदाला धरणारे क्लिप, सुती नाडी, पुठ्ठ्याचे तुकडे आणि जुना सुती पंचा. मोदकपात्र शक्यतो या कामासाठी वेगळं ठेवा. गडद पॉलिएस्टरचा रंग उष्णतेनं सुटू शकतो.

आधी एक सरळ तुकडा

मिऊरा घडीकडे, म्हणजे दोन्ही दिशांनी मिटणाऱ्या नागमोडी घडीकडे, जाण्याआधी साध्या एकाआड एक घड्यांचा नमुना करा. कापड उष्णता कशी घेतं, हे त्यावरून कळतं. २० बाय ४५ सेंटिमीटरचे दोन कागद घ्या. लांबीवर दर दीड सेंटिमीटरला रेघा आखा, म्हणजे ३० पट्ट्या होतात. पट्टी लावून रिकाम्या बॉलपेननं प्रत्येक रेघ दाबून ओढा. खाली वर्तमानपत्राची जाड घडी असू द्या, म्हणजे कागदात चर पडतो. मग एक घडी वर, एक खाली अशी पंख्यासारखी दुमडत जा. दोन्ही कागद एकमेकांत बसले पाहिजेत. मधे कापडाचा तुकडा घालून, तिन्ही थर एकत्र मिटून, बांधून वाफ द्या (वाफेची पद्धत खाली दिली आहे). घड्या बसल्या तर ते कापड पुढच्या कामाला योग्य.

मिऊरा-ओरीचा साचा

अंतराळ-अभियंता कोर्यो मिऊरा यांनी मांडलेली ही घडी उपग्रहांची मोठी पॅनेल छोट्या जागेत मिटवण्यासाठी होती. १९९५ मध्ये जपानच्या 'स्पेस फ्लायर युनिट'वर तिचा प्रत्यक्ष प्रयोग झाला. कापडाच्या कामातही ती फार सोयीची आहे. साध्या प्लीट्स एकाच दिशेनं मिटतात. वीतभर रुंद कापडाची वीतभर लांब जुडी होते. मिऊरा घडी दोन्ही दिशांनी मिटते, त्यामुळे मोठा तुकडाही मोदकपात्रात मावतो. शिवाय तयार कापड दोन्ही दिशांनी एकदम ताणलं आणि आकसलं जातं. अंगावर त्याची जी हालचाल दिसते, ती दुसऱ्या कुठल्या घडीत मला दिसलेली नाही.

४८ बाय ४८ सेंटिमीटरचे दोन कागद कापा. कोपरे गुण्यानं तपासा. पहिल्या कागदावर दर तीन सेंटिमीटरला उभ्या सरळ रेघा आखा. १६ पट्ट्या होतील. आता डाव्या कडेपासून पहिली, तिसरी, पाचवी अशा एकाआड एक उभ्या रेघांवर (कड हीच पहिली रेघ धरा) वरून ०, ३, ६, ९ सेंटिमीटर अशा खुणा शेवटपर्यंत करा. दुसरी, चौथी, सहावी अशा मधल्या रेघांवर १, ४, ७, १० अशा करा. शेजारशेजारच्या रेघांवरच्या खुणा ओळीनं जोडत गेलात, तर ० पासून १ कडे, मग पुन्हा ० कडे अशी नागमोडी आडवी रेघ मिळते. तिच्याखाली ३ आणि ४ ची, मग ६ आणि ७ ची. कोनमापक लागत नाही. हा कोन साधारण १८ अंशांचा येतो. सगळ्यात वरची, ० आणि १ ची रेघ कडेलाच येते, तिची घडी करायची नाही.

घड्या घालण्याआधी हा कागद दुसऱ्यावर तंतोतंत ठेवून, क्लिप लावून, प्रत्येक छेदबिंदूवर सुई टोचा. दुसऱ्या कागदावर रेघा याच टोचांवरून आखायच्या. पुन्हा मोजून आखल्या तर दोन साचे कधीच एकसारखे येत नाहीत. दोन्हींच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठळक फुली मारून ठेवा.

सगळ्या रेघा बॉलपेननं दाबून चर पाडा. मग उभ्या रेघा एकेक करून दोन्ही बाजूंना दुमडा. घडी उलट आणि सुलट दोन्हीकडे तितक्याच सहज गेली पाहिजे. आता चार-चार पट्ट्यांचा गट धरा आणि तेवढाच भाग पंख्यासारखा मिटा. मिटल्यावर चारही थरांवरच्या तिरप्या रेघा बरोबर एकमेकींवर येतात, कारण प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीचं आरशातलं प्रतिबिंब आहे. त्या तिरप्या रेघांवर गठ्ठा पुढे दुमडा, नखानं दाबा, मागे दुमडा, दाबा. चारहून जास्त पट्ट्या एकदम घेऊ नका. आतल्या थरांची घडी सरकते.

कागद पूर्ण उघडा. सगळे चर पडलेत, पण कुठली घडी वर आणि कुठली खाली हे अजून ठरायचंय. नियम असा: एक आडवी नागमोडी रेघ डावीकडून उजवीकडे अख्खी वर, म्हणजे डोंगर, तिच्या खालची अख्खी खाली, म्हणजे दरी, मग पुन्हा डोंगर. उभ्या रेघा मात्र प्रत्येक आडव्या रेघेला ओलांडताना बाजू बदलतात. एका ओळीत जी उभी घडी डोंगर होती, तीच पुढच्या ओळीत दरी होते.

वरच्या कडेपासून सुरुवात करा. दुसऱ्या नागमोडी रेघेला, म्हणजे पहिल्या खऱ्या घडीला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून डोंगराचा आकार द्या. हे करताना तिच्या वरच्या ओळीतल्या उभ्या घड्या एकाआड एक वर-खाली बसवा. त्याच उभ्या घड्या खालच्या ओळीत आपोआप उलट्या व्हायला बघतात, त्यांना तसं होऊ द्या. अडेल तिथे मागून बोटानं हलकंच ढकला. पहिल्या दोन-तीन ओळी त्रास देतात. चौथीपासून कागदाला दिशा मिळते, आणि अर्ध्यावर आल्यावर दोन्ही कडा आत ढकलल्या की सगळा कागद एकदम मिटू लागतो. जबरदस्ती करून मिटवू नका. एखादा छेदबिंदू चुकीच्या बाजूला गेला असेल तर त्याच्या आसपासचे चौकोन फुगतात. तेवढाच भाग उघडून दुरुस्त करा.

पूर्ण मिटल्यावर ४८ सेंटिमीटरचा कागद साधारण १७-१८ सेंटिमीटर लांब आणि तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंद अशा जाड पट्टीएवढा होतो. पाच-सहा वेळा उघडमीट करा, म्हणजे घड्या मऊ होतात. दुसरा कागदही असाच.

कापड साच्यात घालणं

पहिला साचा टेबलावर जवळजवळ सपाट उघडा आणि चार कोपऱ्यांवर वजनं ठेवा. ४६ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा त्यावर ठेवा. उभा धागा उभ्या रेघांना समांतर हवा. कापड ताणू नका, पण सुरकुतीही राहू देऊ नका. वरून दुसरा कागद, फुलीवर फुली. हाताच्या तळव्यानं हलकं दाबत वरच्या कागदाचे डोंगर खालच्या डोंगरांवर बसवा. बसले की बोटांना ते कळतं. चारी कडांना क्लिप लावा आणि मगच वजनं काढा.

आता तिन्ही थर एकत्र, मधून कडेकडे, हळूहळू मिटत न्या. क्लिप अडले की एकेक काढत जा. इथे घाई केली तर कापड कागदाच्या आत सरकतं आणि एका घडीशेजारी दुसरी फिकट घडी उमटते. ती नंतर जात नाही. निम्म्यावर शंका आली तर उघडा आणि पुन्हा बसवा. अजून वाफ दिलेली नसल्यामुळे काहीही बिघडलेलं नसतं.

मिटलेल्या जुडीला दोन बाजूंनी पुठ्ठा लावून सुती नाडीनं तीन-चार ठिकाणी बांधा. एकाच जागी करकचून आवळलं तर तिथे वळ उठतो.

वाफ

जुडी सुती पंचात गुंडाळा. पात्रात पाणी उकळू द्या आणि जाळीवर जुडी अशी ठेवा की पाणी तिला लागणार नाही. झाकणाला आतून कोरडं फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब कागदावर पडतात आणि कापडावर डाग राहतात. साध्या नमुन्याला अर्धा तास पुरतो. मिऊराच्या जुडीला पाऊण ते एक तास द्या, मधे एकदा उलटवा आणि पाणी संपत नाही ना ते पाहा. कागदाचे इतके थर असतात की बाहेरचं कापड केव्हाच तापलेलं असतं आणि आतलं जेमतेम कोमट. घरच्या प्लीट्स मधोमध ढिल्या पडतात त्या बहुतेक वेळा यामुळेच.

झाकण स्वतःपासून लांब धरून उघडा. जुडी चिमट्यानं काढा, पंचा सोडा, पण नाडी सोडू नका. पंख्याखाली ठेवा. जुडी पूर्ण थंड आणि कागद पूर्ण कोरडा व्हायला एक दिवस लागतो, कोकणातल्या पावसाळ्यात दोन. तोवर तिला हात लावायचा नाही. वाफेनं फक्त धागा मोकळा होतो, घडी पक्की होते ती थंड होताना. गरम असताना उघडलेली जुडी म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

मोठा तुकडा, आणि मियाके यांची उलटी रीत

दीड मीटरचा स्टोल करायचा असेल तर त्याची लांबी उभ्या रेघांना काटकोनात ठेवा. पट्ट्या ५० होतील, पण त्या एकावर एक बसत असल्यामुळे जुडी लांब होत नाही, फक्त जाड होते. वाफेचा वेळ मात्र त्याच हिशेबानं वाढवा. दोन तास तरी हवेत.

कपडा शिवायचा असेल, तर मियाके यांनी काय केलं ते समजून घ्यावं लागेल. प्लीट केलेलं कापड आणून शिवणं ही रूढ रीत. त्यांनी क्रम उलटा केला: कपडा हवा त्याच्या अडीच ते तीन पट मोठा कापायचा, शिवून पूर्ण करायचा आणि मग अख्खा कपडा दोन कागदांच्या मधे घालून प्लीट करायचा. १९९१ मध्ये विल्यम फोर्साइद यांच्या फ्रँकफर्ट बॅलेच्या नर्तकांसाठी त्यांनी असे पोशाख केले, आणि १९९३ मध्ये 'प्लीट्स प्लीज' हा त्यांचा कपड्यांचा ब्रँड सुरू झाला. शिवण आणि घडी एकत्र तापतात, म्हणून शिवण कुठेही घडीच्या विरोधात जात नाही. पुढे २०१० मध्ये त्यांच्या 'रिअॅलिटी लॅब'नं '१३२ ५.' नावाची कपड्यांची मालिका आणली. त्यात संगणकशास्त्रज्ञ जुन मितानी यांच्या घडीगणिताचा आधार होता: पूर्ण सपाट मिटणारा बहुकोनी तुकडा उचलला की त्याचा स्कर्ट किंवा ड्रेस होतो. घरी तिथवर पोचणं अवघड आहे. मियाके यांचा उलटा क्रम मात्र जरूर वापरा.

सरळ घड्यांचा बिनबाह्यांचा टॉप करून पाहायचा झाल्यास, पुढची आणि मागची बाजू मिळून दोन आयत पुरतात. सपाट टॉपची रुंदी ४५ सेंटिमीटर हवी असेल तर आयत सुमारे ११२ सेंटिमीटर रुंद कापा. लांबी वाढवायची नाही, कारण उभ्या घड्या फक्त आडव्या आकसतात. शिवणीसाठी सोडायची कड अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका. दोराही पॉलिएस्टरचाच घ्या. सुती दोरा घडी धरत नाही आणि शिवण लाटेसारखी उठते. साच्यात कापडाचे दोन थर जातात, म्हणून कागद नवा आणि धारदार हवा. टॉपची लांबी ६० सेंटिमीटर धरली तर ही जुडीही तेवढीच उंच होते, तिला उभा खोल टोप लागेल.

धुणं आणि बिघाड

तयार कापड गार पाण्यात, सौम्य साबणानं धुवा. पिळायचं तर घड्यांच्या दिशेनं दोरीसारखा पीळ द्या, आडवं नको. इस्त्री कधीच नाही. गरम पाणी आणि ड्रायर नको, कारण ज्या उष्णतेनं घडी बसली तीच ती सोडवते. कपाटात टांगू नका, गुंडाळून ठेवा.

घड्या सगळीकडे सारख्याच मऊ असतील तर कापडात पॉलिएस्टर कमी आहे. फक्त मधे मऊ असतील तर वाफ कमी पडली; तेच कापड त्याच साच्यात घालून पुन्हा वाफवता येतं. एका बाजूच्या घड्या तिरक्या आल्या तर कापड उभ्या धाग्यावर ठेवलं नव्हतं, त्याला इलाज नाही.

साचा सात-आठ वेळा तरी वापरता येतो. त्यावर घडीचं माप, खुणांचा फरक, कापडाचा प्रकार आणि वाफेचा वेळ पेन्सिलीनं लिहून ठेवा. गडद कापडाला वापरलेला साचा पांढऱ्याला वापरू नका, कागदात उतरलेला रंग पुढच्या वाफेत कापडावर जातो. छेदबिंदूंवर कागद विरायला लागला की घडीची धार जाते. त्याच्या आधीच, साचा शाबूत असताना, त्याच्यावरून नव्या कागदाला टोचे मारून घ्या.